आधी साधी वीण

माझी सून लावण्या, तिची एक खोड मला पहिल्यापासून सहन होत नसे. काही सांगितलं की "होय अत्तम्मा", तेलुगूत अत्तम्मा म्हणजे सासूबाई, असं म्हणून मान हलवायची आणि करायचं ते आपल्याच मनाचं. भांडली असती तर परवडलं असतं. भांडणाऱ्याला उत्तर देता येतं, मान हलवणाऱ्याला काय देणार? दुसरी खोड त्याहून वाईट. काम पुरं होईपर्यंत कोणाला विचारायचं नाही, कोणाला दाखवायचं नाही. पुरं झालं की वाढलेलं ताट पुढ्यात सरकवावं तसं सरकवायचं. मीठ चाखायला कोणाला बोलावलंच नाही, तर पंगत बसवायची कशाच्या जोरावर?

नऊ वर्षांपूर्वीच्या त्या सोमवारी नरसय्या कोडम आमच्या कारखान्याच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हाही माझी ही सून आत लॅपटॉपपुढे मान खाली घालून बसलेली होती आणि मी मागाजवळ चादरीच्या कडा तपासत होते.

"भूदेवक्का, येऊ का आत?"

"ये. आधी चहा घेतोस की आधी शिव्या देतोस?"

"आधी चहा द्या. शिव्या दिल्यावर तुम्ही चहा देणार नाही."

नरसय्याचा कारखाना आमच्याच गल्लीत, सोलापूरच्या पूर्व भागात. त्याचेही चादरींचे माग, आमचेही. चादरीवर मोर, वेल जे काही दिसतं ते आधी चौकटीच्या कागदावर काढावं लागतं. मग एकेका चौकोनाप्रमाणे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची आणि त्या पट्ट्या मागावरच्या जेकार्डला लावायच्या. जेकार्ड त्या भोकांवरून धागे उचलतं आणि मोर उमटतो. लहानपणी वडिलांच्या कारखान्यात मी हातानं ही भोकं पाडलेली आहेत. पट्टी उजेडाकडे धरली की मोराची चोच कुठं येणार ते मी सांगते.

आता ते चित्र कॉम्प्युटरवर काढतात. लावण्याचं शिक्षण त्यातलंच. तिनं गल्लीतल्या अकरा कारखान्यांच्या जुन्यापान्या कॉम्प्युटरांवर लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटरला चालवणारं सॉफ्टवेअर, बसवून दिलं होतं. जगभरातली माणसं मिळून ते तयार करतात आणि कोणीही वापरा म्हणून मोकळं सोडतात, असं ती सांगायची. लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा मीच गल्लीत उभी राहून म्हणाले होते, "माझ्या सुनेनं बसवलंय. बिघडलं तर माझ्या दारात या."

बिघडलं, आणि नरसय्या दारात आला.

"नवं अपडेट आल्यापासून काय झालंय बघा," तो बशीत चहा ओतत म्हणाला. "खिडकी उघड म्हटलं की नवरीसारखी नटत येते. आधी सावली, मग काच, मग ती हळूहळू वर चढणार. तेवढ्यात माझा डिझाईनवाला बाहेर जाऊन पान खाऊन येतो."

"तो तसाही जातो."

"आता मला सांगून जातो."

मी आत बघून विचारलं, "काय गं, हे नटणं बंद होत नाही का?"

"अकराही ठिकाणी जाऊन हातानं बंद करून आले, अत्तम्मा. पुढच्या अपडेटला परत आलं." लावण्यानं मान वर केली नाही. "जुनं परत घालावं, तर भोकं पाडायच्या मशीनचा नवा प्रोग्राम त्यावर चालत नाही. म्हणून मुळातच एक सेटिंग घालतेय. कमी ग्राफिक्स. सावली, काच, सरकणं, सगळं एका बटणात बंद. जे लोक हे बनवतात त्यांच्याकडे पाठवायचं. त्यांनी घेतलं की कायमचं झालं. पण नव्या आवृत्तीत जे घालायचं ते शनिवारच्या आत घालायला हवं. मग दार बंद."

"आणि नाही घेतलं तर?"

नरसय्या बोलला. "तर हैदराबादचा एक माणूस आहे, अक्का. कॉम्प्युटर त्याचे, प्रोग्राम त्याचा, डिझाईनसुद्धा त्याच्याच कुलपात राहणार. आम्ही दहाजणांनी बोलून ठेवलंय. तुमच्या शब्दाखातर शनिवारपर्यंत थांबलोय."

"म्हणजे मोर तुझा आणि पिंजरा त्याचा."

"निदान मोर नाचेल तरी."

मला ते लागलं. "लावण्या, कधी होईल तुझं?"

"उद्या."

"उद्या दुपारी ये रे," मी नरसय्याला म्हणाले.

"येतो. पण ती चालवून दाखवणार. तिला काय, तिला येतंच. आमच्यासारख्या अडाण्यांना यायला पाहिजे."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण तोंड माझं. "मी चालवून दाखवते. माझी चौथीसुद्धा पुरी नाही. मला जमलं तर तुला जमेल ना?"

लावण्यानं तेव्हा कुठं मान वर केली. "अत्तम्मा, तुम्ही कशाला..."

"का? हात नाहीत मला?"

"होय अत्तम्मा," ती म्हणाली आणि परत खाली बघायला लागली.

मंगळवारी नरसय्या आणखी दोन मालकांना घेऊन आला. आमच्या कारखान्यातला कॉम्प्युटर सगळ्यांत म्हातारा, एका ऑफिसनं टाकून दिलेला. माझा मुलगा सत्यम खुर्ची पुसायला लागला. "खुर्ची स्वच्छ आहे, तू मागाकडे बघ," म्हणून मी त्याला पिटाळलं आणि पदर खोचून बसले.

लावण्यानं सकाळी मला दोनदा शिकवलं होतं. इथं दाबा, सेटिंगची खिडकी उघडेल. त्यात हे बटण. ते उजवीकडे सरकलं की झालं. तिच्या लॅपटॉपवर सगळं पापणी लवायच्या आत झालं होतं.

मी दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. काही नाही. तिसऱ्यांदा दाबलं, तशी एकावर एक तीन खिडक्या सावल्यांसकट जिना चढायला लागल्या. त्या वर येऊन बसेपर्यंत धाग्याची एखादी कांडी भरून झाली असती. मग ते बटण दिसलं. त्यावर दाबलं. हललं नाही. परत दाबलं. ते उजवीकडे गेलं आणि माझ्या डोळ्यांदेखत परत डावीकडे आलं.

"अत्तम्मा, एकदाच दाबायचं," लावण्या मागून हळूच म्हणाली.

"एकदाच दाबलं होतं. त्यानं ऐकलं नाही."

"ऐकलंय. दाखवायला वेळ लागतोय."

"ऐकलंय हे मला कसं कळावं? तुला चिठ्ठी पाठवतो का तो?"

तिचा हात माझ्या खांद्यावरून माउसकडे आला. "हात मागे," मी म्हणाले. हात मागे गेला. मी परत दाबलं. परत तेच.

नरसय्या हसला असता तर मी त्याला बघून घेतलं असतं. तो हसला नाही. "राहू द्या, अक्का," तो म्हणाला, आजारी माणसाशी बोलावं तसं. "निघतो आम्ही."

"शनिवार अजून व्हायचाय."

"व्हायचाय ना. आम्ही कुठं नाही म्हणतोय?"

ते गल्लीत वळेपर्यंत मी थांबले. मग वळले. "हे या डबड्यावर चालवून बघितलं होतंस?"

"माझ्या लॅपटॉपवर बघितलं आणि सकाळी पाठवूनही दिलं. कोड तोच आहे."

"उंटावरून शेळ्या हाकल्यास."

"बटण बरोबर आहे, अत्तम्मा. तुम्ही तीनदा दाबलंत." तिचा आवाज चढला होता. लग्न होऊन आल्यापासून सात वर्षांत पहिल्यांदा. सत्यमनं माग थांबवला. "आणि चालवून दाखवते म्हणून तुम्हाला कोणी सांगायला लावलं होतं? मी दोन दिवस मागून घेतले असते. तुम्ही घाई केलीत."

"नोकर मुका ठेवलास तर मालक तीनदा हाक मारणारच. मला सांग, हे बटण कोणासाठी केलंस?"

"ज्यांचा कॉम्प्युटर हळू चालतो त्यांच्यासाठी."

"आणि त्या बटणापर्यंत जायला काय लागतं?"

तिनं कॉम्प्युटरकडे बघितलं, तिथं ते बटण अजून सरकतच होतं.

"चांगला कॉम्प्युटर," ती म्हणाली.

मी तिच्या मनगटाला धरून तिला दोन नंबरच्या मागाकडे नेलं. त्यावर सकाळीच उभ्या धाग्यांचा नवा ताणा चढवला होता. "इथं पहिली वीतभर काय विणलंय?"

"साधं. नक्षी नाही."

"का?"

"धागे कसे आहेत ते कळतं. कुठला ढिला, कुठला तुटणार."

"मग?"

"मग जेकार्ड जोडायचं."

"की आधी जेकार्ड जोडून, मोर विणायला घेऊन, धागे तटातटा तुटायला लागले की मग धाग्यांना विचारायचं, बाबांनो, मोर काढून घेऊ का?"

ती मागाच्या फळीवर बसली. साध्या विणीवरून बोट फिरवायला लागली. सत्यमनं मला खुणेनं विचारलं, काय झालं? मी त्याला खुणेनंच सांगितलं, तू गप.

"म्हणजे सुरूच साधं करायचं," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "पहिल्यांदा चालू होताना कॉम्प्युटरनं आपला जोर आपणच बघायचा. जोर नसेल तर साधंच राहायचं. असेल तर विचारायचं, नक्षी हवी का."

"मी एवढं काही म्हटलं नाही."

"तुम्ही एवढंच म्हटलंत, अत्तम्मा." मग ती माझ्याकडे वळली. "पण विचारायचं कसं? इंग्रजीत लिहिलं तर नरसय्यामामा वाचणार नाहीत. मराठीत लिहिलं तर गुजरातचा माणूस वाचणार नाही."

मला क्षणभर कळलंच नाही की ती मला विचारते आहे. "गिऱ्हाईक आलं की आपण त्याला लिहून विचारतो का?" मी म्हणाले. "दोन चादरी समोर टाकतो. एक साधी, एक नक्षीची. तो बोट दाखवतो."

बुधवारी ती दिवसभर लॅपटॉपवरून उठली नाही. पण या वेळी लॅपटॉप आतल्या खोलीत नव्हता, त्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरला खेटून ठेवला होता. थोडं लिहायची, की मला हाक. "अत्तम्मा, बसा." मी बसायची, अडायची, बोलायची. ती कागदावर टिपून घ्यायची. कांडी भरणाऱ्या बायका आपसांत म्हणाल्या, आज सासू शिकते आहे की सून, कळेना.

मधल्या वेळात मी चप्पल घातली आणि अकरातल्या उरलेल्या दहा दारांत जाऊन आले. प्रत्येक दारात एकच वाक्य बोलले. "काम पुरं नव्हतं, दाखवायची घाई मी केली, सुनेची चूक नाही." नरसय्याच्या दारात ते वाक्य घशातून बाहेर यायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. तो म्हणाला, "अक्का, तुम्ही चूक कबूल करताय, म्हणजे पाऊस पडणार." मी म्हणाले, "छत्री घेऊन बस."

गुरुवारी लावण्यानं ते पाठवलं. दुपारी उत्तर आलं. ब्राझीलमधली कोणी बाई तो भाग सांभाळते, तिचं. लावण्यानं मला मराठीत करून सांगितलं. कल्पना चांगली आहे. पण बदल मोठा आहे, उशीर झालाय. बटण तर आधीच पाठवलंय, ते पुरेसं आहे. हे पुढच्या आवृत्तीत बघू.

"पुढची म्हणजे कधी?"

"सहा महिने."

"सहा महिन्यांत नरसय्याचे मोर हैदराबादला अंडी घालतील."

ती हसली नाही. अंगठ्याचं नख दातात धरून बसली. मग म्हणाली, "ती बाई वाईट नाही, अत्तम्मा. तिनं कधी बघितलंच नाही, माणूस कुठं अडतो ते. मीही मंगळवारपर्यंत बघितलं नव्हतं." तिनं त्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरकडे बोट केलं. "तुम्ही परत एकदा ते बटण शोधाल? या जुन्यावर? मी फोनवर घेते. पडदा आणि तुमचे हात."

"आणि कोणाला दाखवणार?"

"तिला. पण ते सगळ्यांना दिसतं. जे जे हे बनवतात, सगळ्यांना."

मी उठून मागाकडे गेले. एका चादरीच्या कडा तपासलेल्या होत्या, त्या परत तपासल्या.

दोन वर्षं तो कॉम्प्युटर आमच्या कारखान्यात होता आणि त्या मंगळवारपर्यंत मी त्याला बोट लावलं नव्हतं. विचारलं की सांगायची, चष्म्याचा नंबर बदललाय. चष्मा ठीक होता. खरी गोष्ट अशी की मला अक्षर लावून लावून वाचावं लागतं, ओठ हलवत. सत्यमचे वडील होते तेव्हा कोणी कागद आणला की मी म्हणायची, "ठेवून जा, बघते." तो माणूस गेला की ते मला वाचून दाखवायचे. ते गेल्यावर सत्यम. तीस वर्षांत परक्या माणसानं मला कुठं अडलेलं पाहिलं नव्हतं. या गल्लीत माझ्या तोंडाला लोक वचकतात, कारण ते तोंड कधी अडत नाही. नरसय्यापुढे अडले ते एक. आता ही पोर म्हणत होती की जगाला बोलवू आणि दाखवू, ही बाई इथं अडते.

मी परत आले. "तोंड दिसणार?"

"नाही. आवाज येईल."

"तो येणारच. आणि तू काय लिहिणार त्याच्याबरोबर?"

"की मी फक्त माझ्या लॅपटॉपवर बघितलं आणि पाठवलं. ते चुकलं."

"सगळ्यांदेखत?"

"सगळ्यांदेखत."

"काढ फोन," मी म्हणाले.

मी बसले. दाबलं, थांबले, परत दाबलं. खिडक्या जिना चढल्या. बटण गेलं आणि आलं. जे तोंडात आलं ते बोलले. मुद्दाम काही केलं नाही, मुद्दाम करायची गरजच नव्हती. मग तिनं त्याच कॉम्प्युटरवर नवीन केलेलं सुरू केलं. साधा पडदा आला, दोन चित्रं आली, मी एकदा बोट दाखवलं आणि काम झालं. तिथं मला बोलायला काही उरलं नाही, तर मी म्हणाले, "हां."

खाली तिनं माझं बोलणं इंग्रजीत लिहिलं. "शिव्या गाळल्यास ना?" मी विचारलं.

"दोन ठेवल्या. त्यांच्याशिवाय अर्थ लागत नव्हता."

शुक्रवारी जेवायच्या वेळी ती ताटावरून उठून आली, हात उष्टा तसाच. ब्राझीलच्या बाईनं लिहिलं होतं की हे तिनं चारदा बघितलं. आमच्यातल्या एकाकडेही असा जुना कॉम्प्युटर नाही, म्हणून आम्हाला हे कधी दिसलंच नाही. घेते, पण उद्यापर्यंत जितक्या जुन्या कॉम्प्युटरांवर जमेल तितक्यांवर तपासून द्या. मग कोण कुठली माणसं, कोणी शाळामास्तर, कोणी वाचनालयातला, आपापल्या माळ्यावरची डबडी उतरवून बसली. लावण्या दर थोड्या वेळानं सांगायची, केनियात चाललं, पोलंडमध्ये चाललं, नेपाळमध्ये एक चित्र वाकडं आलं. नेपाळचं चित्र तिनं शनिवारी सकाळी सरळ केलं. दुपारी दार बंद झालं आणि आमचं काम दाराच्या आत होतं.

दोन मालक तोवर हैदराबादवाल्याकडे गेलेच. मी त्यांना नावं ठेवली नाहीत. निदान त्यांच्या तोंडावर नाहीत. नरसय्या थांबला.

महिन्याभरानं नवी आवृत्ती आली ती लावण्यानं आधी त्याच्या कारखान्यात घातली. गल्लीतले बाकीचे मालक दारात उभे. नरसय्या खुर्चीवर बसला, धोतराला हात पुसून. कॉम्प्युटर सुरू झाला. पडदा साधा, सपाट. मधे दोन चित्रं, एक साधं आणि एक सावल्या-काचेचं. साध्यावर आधीच खूण होती. नरसय्यानं एकदा दाबलं. खिडकी उघडली, लगेच. त्यानं आपला मोर उघडला. तोही लगेच आला, पिसाऱ्यासकट. डिझाईनवाला दाराकडे निघाला होता, तो परत आला.

लावण्या मागे भिंतीला टेकून उभी होती, दोन्ही हात पाठीशी बांधून. एकदाही पुढे झाली नाही. नरसय्या मोर मोठा करत होता, लहान करत होता आणि ती त्याच्या पडद्याकडे नाही, त्याच्या बोटांकडे बघत होती. नव्या मागावर नवा विणकर बसवला की चांगला मिस्त्री असाच उभा राहतो.

"अक्का," नरसय्या म्हणाला, "सून चांगली मिळाली तुम्हाला."

"तू मोराकडे बघ," मी त्याला म्हणाले आणि लावण्याकडे वळले. गल्ली ऐकत होती, ऐकू दे म्हटलं. "लावण्या, तुला सून करून आणलं ते सत्यमच्या पसंतीनं. मी हो म्हटलं, कारण नाही म्हणून काही उपयोग नव्हता. पण आजपासून या गल्लीत तुला मी कारागीर म्हणणार आहे, आणि ते माझ्या पसंतीनं."